चिमणी ठेवली, तिसरा हिस्सा कुठे गेला?



रविवारच्या पुरवणीत लोअर परळच्या एका गिरणीच्या जागेवरील घरांची पानभर जाहिरात होती. उंच छताची 'लॉफ्ट' घरे, उघड्या विटांच्या भिंती, शोभेला जुनी चिमणी आणि वर 'गिरणगावचा वारसा'! त्या अख्ख्या पानात गिरणी कामगाराचा साधा उल्लेखही नाही.

ती उंच छते साचेखात्याची होती. सूत तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. कापसाची तूस छातीत जाई आणि साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याशी खुणांनीच बोलावे लागे. माझे वडील तिथून बहिरे होऊनच घरी बसले. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यातल्या कित्येकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 सांगत होता की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. 2001 मध्ये सरकारने तो बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जागेची होणार, असे ठरले. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळीकडे शेडच शेड. म्हणजे महापालिकेचा आणि म्हाडाचा तिसरा हिस्सा बराचसा कागदावर राहिला आणि बहुतेक जमीन मालकाच्या पदरात पडली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. वैध असेल, पण न्याय्य नाही, हे मी शंभरदा म्हणेन. म्हाडाचा हिस्सा पूर्ण मिळाला असता तर आज कामगारांच्या वारसांना घरांसाठी मुंबईबाहेर शेलू-वांगणीचा रस्ता कुणी दाखवला नसता.

मैदाने गेली, तसे रस्ते आणि पूलही रुंद झाले नाहीत. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसे कित्येक पटींनी वाढली, रेल्वे स्थानकाचा जिना मात्र तोच अरुंद. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर 23 जण चेंगरून मेले, तेव्हा टॉवरना परवानग्या देणाऱ्यांपैकी कुणाला जाब विचारला गेला?

सरकारने आता एकच करावे. प्रत्येक गिरणीची मूळ जमीन किती होती आणि त्यातली महापालिकेला, म्हाडाला व मालकाला किती गेली, याचा गिरणीवार हिशेब वर्तमानपत्रांत छापावा, तोही असाच पानभर.

– एका गिरणी कामगाराचा मुलगा, करी रोड, मुंबई