कुफू माणसाचा की पैशाचा?

आमच्या समाजातल्या पैसेवाल्यांची दोस्ती मोठी दिलदार असते. ती दस्तरखानावर चालते, ईदच्या शीरखुर्म्याला चालते, निवडणुकीत तर फारच चालते. फक्त एका ठिकाणी ती चालत नाही. त्याच दोस्ताच्या घरून निकाहचा पैगाम आला की दोस्ती संपते आणि हैसियत सुरू होते. मग मुले-मुली चोरून भेटतात आणि आपण म्हणतो, जमाना बिघडला. आम्हाला विचाराल तर जमाना बिघडलेला नाही. दाराला आतून कडी घातली आहे, म्हणून माणसे मागच्या दाराने ये-जा करतात.

उदाहरण मुंबईचेच घेऊ, आणि अगदी वरच्या माडीवरचे. सर दिनशा पेटिट हे गिरणीमालक घराण्यातले बॅरोनेट. बॅरिस्टर मुहंमद अली जिना त्यांचे दोस्त. जिनांच्या राजकारणाशी आम्हाला इथे कर्तव्य नाही. १९१६ च्या उन्हाळ्यात ते पेटिट कुटुंबाबरोबर दार्जिलिंगला राहिले आणि दोस्ताच्या सोळा वर्षांच्या मुलीशी, रतनबाईशी, त्यांचे मन जुळले. ते स्वतः चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. जिनांच्या हाताखाली वकिली केलेले न्या. छागला यांनी आपल्या आत्मचरित्रात पुढचा प्रसंग सांगितला आहे. जिनांनी पेटिट यांना आंतरधर्मीय विवाहाविषयी मत विचारले. पेटिट यांनी मनापासून पसंती दिली. जिनांनी लगेच त्यांच्याच मुलीला मागणी घातली. पसंती तिथेच संपली! बापाने कोर्टातून मनाई हुकूम आणला. तरीही दोघांनी मन बदलले नाही. १९१८ च्या फेब्रुवारीत मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली, एप्रिलमध्ये तिने इस्लाम कबूल केला आणि १९ एप्रिलला निकाह झाला. माहेर तुटले.

आता हेच पेटिट दहा वर्षांपूर्वी काय करत होते तेही पाहावे. आर. डी. टाटांनी फ्रेंच बाईशी लग्न केले होते. तिने जरथुश्ती धर्म घेतला होता. पारशी ट्रस्टांच्या संस्थांवर अशा सुनेचा हक्क आहे की नाही, यावर मुंबई हायकोर्टात दावा चालला. न्या. दावर आणि न्या. बीमन यांनी १९०८ मध्ये त्याचा निकाल दिला. त्या दाव्यात सुनेच्या बाजूने वादी म्हणून उभे होते हेच दिनशा पेटिट. म्हणजे दुसऱ्याच्या घरात येणाऱ्या परक्या सुनेसाठी ते कोर्टात गेले, आणि आपल्या घरातून जाणाऱ्या मुलीच्या वेळीही कोर्टातच गेले, पण दार बंद करायला.

आणि जिना? १९३८ मध्ये त्यांची मुलगी दीना हिने नेव्हिल वाडियाशी लग्न ठरवले, तेव्हा जिनांनी विरोध केला. सासऱ्याची कडी जावयाने आपल्या दाराला लावून घेतली! रतनबाई हे पाहायला नव्हती. २० फेब्रुवारी १९२९ ला, आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, ती गेली. माझगावच्या खोजा कब्रस्तानात तिची कबर आहे.

या कहाणीवर पुस्तके निघाली, लोक ती हळहळून वाचतात. आम्ही वाचकांना एवढेच विचारतो, की जिनांच्या जागी पेटिटांचा ड्रायव्हर असता तर? चाळिशीच्या माणसाने दोस्ताच्या सोळा वर्षांच्या मुलीत मन गुंतवावे, हे आम्हाला त्यांच्या बाबतीतही खटकते. पण श्रीमंताने केले की ती मोहब्बत, गरिबाने केले की बदफैली, हा हिशेब आम्हाला त्याहून जास्त खटकतो.

हा हिशेब फक्त मलबार हिलचा नाही. आम्ही दातिवऱ्याची माणसे. वैतरणेच्या मुखापासून सफाळे, पालघर, बोईसरपर्यंतची घरे आम्ही ओळखतो. तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत वाढली, ठेकेदारी आली, वाहतुकीचा धंदा आला. २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि जमिनीकडे सगळ्यांचे डोळे लागले. पैसा आला याचे आम्हाला दुःख नाही, उलट खुशी आहे. पण ज्याचे वडील कालपर्यंत आमच्याबरोबर एकाच बाकावर बसत होते, तो आज पैगाम आला की ‘कुफू जमत नाही’ म्हणतो, तेव्हा हा शब्द त्याने कुठून आणला ते विचारावे लागते.

कोकणातले आपण बहुतेक शाफई. शाफई फिकहमध्ये कुफू पाहताना वंश, दीनदारी, पेशा यांचा विचार आहे. मालदारीला मात्र मान्य मतानुसार त्यात जागाच नाही. हनफी मसलकात मालाचा विचार आहे, पण त्याचा अर्थ मेहर आणि घरखर्च देण्याची ऐपत, बंगल्याला बंगला नव्हे. शिवाय कुफू हा मुलीचा आणि तिच्या वलीचा हक्क आहे. तो दोघांनी राजीखुशीने सोडला तर तिसऱ्याने बोलण्याचे कारण नाही. हजरत खदीजा (रजि.) मक्केच्या मालदार व्यापारी. त्यांनी आपला माल घेऊन जाणाऱ्या तरुणाची सचोटी पाहिली, नफीसा नावाच्या मैत्रिणीच्या तोंडून पैगंबरांकडे (स.) विचारणा केली आणि उघडपणे निकाह झाला. तिथे मैत्रीण चिठ्ठ्या लपवायला नव्हती, पैगाम न्यायला होती. आपल्याकडे दोस्तीचे काम नेमके उलटे झाले आहे.

याची किंमत कोण देतो ते आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक रोज पाहतो. मालकाचा मुलगा आणि त्याच्याच गाडीवरच्या ड्रायव्हरची मुलगी, दोघांची एक चिठ्ठी सापडते. मुलाला पुण्याच्या हॉस्टेलला पाठवतात, तो तिथे पदवी घेतो. मुलीचा नववीत दाखला निघतो, आणि तिच्या बापाची नोकरीही जाते. चिठ्ठी दोघांची, सजा एका घराला! वर मोहल्ल्यात म्हणतात, शाळेत पाठवले म्हणून असे झाले.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही पोरांच्या चोरट्या प्रेमाची वकिली करता. मुळीच नाही. शाळेतल्या वयात शाळाच शिकावी, लग्नाच्या वयात लग्नाचे बोलावे, आणि बोलावे ते उघड्यावर. निकाहचा ऐलान करावा ही आपल्या दीनची शिकवण आहे. लपवाछपवीशी त्याचे वैरच आहे. म्हणून ज्याला चोरी नको असेल त्याने आधी पैगाम ऐकून घ्यायला शिकावे.

आमचे मागणे फार नाही. जमातीच्या सदरांनी, मौलानांनी जुम्म्याच्या बयानात एकदा कुफूचा खरा अर्थ सांगावा. पैगाम परत करायचा तर मुलाची आदत, दीन, रोजगार पाहून करावा, त्याच्या बापाचे घर भाड्याचे आहे म्हणून नव्हे. आणि काहीही झाले तरी मुलीचा दाखला काढू नये. दाखला मागायला आलेल्या बापाला आम्ही एकच गोष्ट सांगतो, पोरीचे नाव हजेरीपटावर राहू द्या. बाकीचे बोलायला आपण मोठी माणसे आहोत.