स्प्रिंग बदलली, रस्त्याचे काय?

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका स्प्रिंगवरून दोन तट पडले. चिरंजीवांचे म्हणणे, सात वर्षे वापरलेली आपली गाडी वळणावर डुलते. आखूड, कडक स्प्रिंगा बसवून ती इंचभर खाली घ्यावी. सौभाग्यवतींचे म्हणणे, फाटकासमोरच्या गतिरोधकावर तिचा तळ आताच घासतो. शेजाऱ्यांप्रमाणे स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवून ती वर उचलावी. एकच गाडी एकाच वेळी खाली आणि वर नेणे मला जमण्यासारखे नव्हते. मी ती मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी गाडी वर घेतली, पहार लावून चाकाजवळचे सांधे हलवून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, स्प्रिंगा ठणठणीत आहेत. बुश गेलेत आणि मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल टाकताहेत. आधी हे बदला, मग हौस करा."

त्यांनी सांगितले ते साधे आहे, पण आपण गाडीवाल्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते. स्प्रिंग खड्ड्याचा धक्का पोटात घेते आणि लगेच परतही करते. तिला शांत करण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि धक्क्याचा जोर तिथेच जिरतो. तेल गळाले की चाक उड्या मारू लागते, आणि जे चाक रस्त्यावर टेकलेले नाही, ते ना ब्रेक ऐकते ना स्टिअरिंग. म्हणजे प्रश्न केवळ पाठीच्या सुखाचा नाही, जिवाचा आहे.

चिरंजीवांचे चूक नव्हते. गाडी खाली घेतली की गुरुत्वमध्य खाली येतो, ती वळणावर कमी कलते. पण स्प्रिंगला दबायला जागाही कमी उरते आणि खोल खड्ड्यात धक्का थेट सांगाड्याला बसतो. बफरांनी तळ वाचतो, पण स्प्रिंग ताठर होते आणि गाडी उंचावते. गुळगुळीत रस्त्यासाठी एक गाडी आणि खड्ड्यांसाठी दुसरी, अशी सोय कोणत्याही स्प्रिंगेत नाही.

मग मनात आले, हा वाद मुळात घरात शिरला कुठून? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ताशी 25 किलोमीटर वेगाने ओलांडायचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलसर उताराचा असावा. आमच्या फाटकासमोरचा मी टेप लावून मोजला. रुंदी पाऊण मीटरही भरली नाही; उंची 16 सेंटिमीटर! ही नुसती भिंत आहे, आडवी घातलेली.

यावर आपण शोधलेला उपाय नेहमीचाच आहे. नळाचे पाणी गढूळ, तर घरात फिल्टर. वीज जाते, तर इन्व्हर्टर. रस्ता वाईट, तर उंच गाडी. आज देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक गाड्या 'एसयूव्ही'च्या घराण्यातल्या आहेत. ऐट हे त्याचे एक कारण. खड्डे हे दुसरे. ज्याला परवडते तो आपल्यापुरता रस्ता विकत घेतो, आणि तक्रार करणारा आवाज तेवढा कमी होतो. मागे उरतात ते स्कूटरवरचे जोडपे आणि एसटीच्या शेवटच्या बाकावरची म्हातारी. त्यांनी कोणती स्प्रिंग बदलायची?

कायद्याचा तराजूही पाहण्यासारखा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड ठेवला. हे रास्तच. पण त्याच दुरुस्तीतल्या कलम 198-अ नुसार सदोष रस्त्याबद्दल जबाबदार अधिकारी वा कंत्राटदाराला शिक्षा काय? 1 लाखापर्यंत दंड. तोही त्या दोषामुळे कुणी दगावले किंवा अपंग झाले तरच. कैद नाही. स्प्रिंग वाकडी केली तर तुरुंगाची भीती; रस्ता वाकडा केला तर पावती!

आम्ही बुश बदलले, शॉक अ‍ॅब्सॉर्बरची जोडी बदलली, चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, टायरमध्ये हवा नेमकी भरली. गाडी डुलायची थांबली. चिरंजीवांनी वळणावर दोनदा पारख करून "बरी आहे" एवढे कबूल केले. तळ मात्र अजूनही घासतो. म्हणून गतिरोधकाची मापे लिहून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला आहे. टेपचे दुसरे टोक चिरंजीवांनी धरले होते, आणि अर्जावर आमच्यासह तेरा शेजाऱ्यांच्या सह्या आहेत. त्यांत बफर बसवणारे शेजारीही आहेत.