‘ओ’सारखं दिसणारं रक्त

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या एका नव्या रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून शिकवला जातो. प्रयोगशाळांवरच्या या अंकाची सुरुवात त्याच्यापासूनच करावीशी वाटली.

नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचंच वाटतं. ए आणि बी या दोन्हींची प्रतिद्रव्यं घातली तरी तांबड्या पेशी मोकळ्याच राहतात. खरा प्रकार कळतो तो उलट तपासणीत. रुग्णाच्या रक्तद्रवात ‘ओ’ गटाच्या पेशी मिसळायच्या; सामान्य ‘ओ’ रक्तात काही होत नाही, इथे मात्र त्या एकमेकींना चिकटून गुठळी धरतात. ए आणि बी हे घटक ज्यावर घडतात, तो मूळचा ‘एच’ घटकच या पेशींवर नसतो. त्यामुळे अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला चालतं ते याच दुर्मीळ गटाचं.

घाईगर्दीत ही दुसरी तपासणी गाळण्याचा मोह होतो. तो कोणत्याही रक्तपेढीने टाळलाच पाहिजे, असं मी अगदी ठामपणे म्हणेन.

विकृतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्रातले संशोधक या अंकात लिहीत आहेत, तसेच तंत्रज्ञही. अहवालावर सही डॉक्टरांची असते. नळी उजेडात तिरपी धरून गुठळी पाहणारे डोळे बहुधा तंत्रज्ञाचे असतात. म्हणून त्यांचे लेख आम्ही आधी घेतले आहेत.