घरी बनवलेलं पात्र कोणाच्या मालकीचं? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधल्या होमब्रूचा वाद नेमका काय आहे?

'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेच्या पहिल्याच भागात चार शाळकरी मुलं तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकताना दिसतात. त्या खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', खेळाडूंच्या भाषेत डी अँड डी. या खेळात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एक जण 'डंजन मास्टर' होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि जिथे अडेल तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो.

पात्र तयार करताना दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. तुम्ही जन्माने कोण? माणूस, एल्फ, ड्वार्फ वगैरे. याला अगदी आता-आतापर्यंत 'रेस' म्हणत. आणि तुम्ही करता काय? योद्धा, जादूगार, चोर, धर्मगुरू. हा झाला 'क्लास'. २०१४ च्या नियमपुस्तकात असे १२ क्लास आहेत. तुमच्या डोक्यातलं पात्र त्या बारांत बसत नसेल तर तेरावा तुम्ही स्वतः लिहायचा. अशा घरच्या घरी लिहिलेल्या क्लासला, रेसला किंवा नियमाला 'होमब्रू' म्हणतात. शब्द आलाय घरी गाळलेल्या बिअरवरून.

आपल्याकडे मेंढीकोटचे आणि लुडोचे नियम प्रत्येक घरात थोडे वेगळे असतात, तसंच हे. फक्त लुडोचा घरगुती नियम एका वाक्यात संपतो. डी अँड डीचा एक क्लास कित्येक पानांचा होतो, लोक तो पीडीएफ करून विकतात आणि त्यावर काहींचं घरही चालतं. त्यामुळे प्रश्न येतो: मूळ खेळ एका बड्या अमेरिकन कंपनीचा, त्यावर बेतलेला क्लास तुमचा, मग मालक कोण? २०२३ च्या जानेवारीत याच प्रश्नावरून मोठा भडका उडाला. तेव्हा खेळाडू जिंकले असं सगळीकडे छापून आलं. ते खरं आहे, पण अर्धंच.

क्लास लिहिणं एवढं अवघड का?

उदाहरण घेऊ. 'क्रिटिकल रोल' या लोकप्रिय वेब शोचा डंजन मास्टर मॅथ्यू मर्सर याने २०१५ मध्ये अभिनेता विन डीझलसाठी एक खास क्लास लिहिला. डीझल जुना डी अँड डी खेळाडू आणि 'द लास्ट विच हंटर' हा त्याचा चित्रपट येणार होता, म्हणून क्लासचं नाव 'विच हंटर'. पुढे त्याचाच 'ब्लड हंटर' झाला. हा शिकारी स्वतःचं रक्त सांडून हत्याराला ताकद देतो. म्हणजे खेळाच्या हिशोबात, स्वतःचे प्राणबिंदू खर्च करून शत्रूचं जास्त नुकसान करतो.

ऐकायला भारी वाटतं. पण किती रक्ताच्या बदल्यात किती ताकद? रक्त कमी घेतलं तर हा शिकारी शेजारी बसलेल्या योद्ध्याला निरुपयोगी करून टाकणार. जास्त घेतलं तर तिसऱ्या फेरीत स्वतःच आडवा. आणि हा हिशोब पहिल्या पातळीपासून विसाव्या पातळीपर्यंत, प्रत्येक पायरीवर जुळवायचा. मर्सरने हा क्लास लोकांच्या अनुभवांवरून अनेकदा दुरुस्त केला. बहुतेक हौशी होमब्रू इथेच फसतं. लिहिणाऱ्याचं आपल्या पात्रावर प्रेम असतं आणि पात्र भलतंच बलवान होतं. चांगला होमब्रू क्लास म्हणजे महिनोन्महिन्यांची मेहनत असते.

मुळात हा खेळच घरगुती

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला तेव्हा पहिली आवृत्ती होती १००० प्रतींची आणि क्लास होते तीनच: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. आज प्रत्येक काल्पनिक खेळात दिसणारा 'चोर' त्यात नव्हता. तो कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकामधल्या एका हॉबी दुकानात जमणाऱ्या खेळाडूंनी स्वतःपुरता बनवला होता. त्यांच्यातल्या एकाने फोनवर गायगॅक्सला तो सांगितला आणि १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर अधिकृत झाला. मुखपृष्ठावर नावं गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांची. 'रेंजर' हा क्लासही त्याच वर्षी जो फिशर नावाच्या एका वाचकाने कंपनीच्या नियतकालिकात लिहून पाठवलेला.

थोडक्यात, आज कंपनी ज्याला आपली बौद्धिक संपदा म्हणते त्यातला बराच भाग कधी काळी कुणाचं तरी होमब्रू होता. श्रेयाचं भांडणही तितकंच जुनं. खुद्द सहनिर्माता आर्नेसनला रॉयल्टीसाठी १९७९ मध्ये कंपनीवर खटला भरावा लागला होता.

'रेस' हा शब्द का गेला?

क्लास ही मेहनतीची गोष्ट, रेस ही जन्माची. जुन्या नियमांत एल्फ किंवा ड्वार्फ म्हणून जन्मलात तर ठरावीकच क्लास घेता येत आणि ठरावीक पातळीच्या पुढे जाता येत नसे. माणसाला ही मर्यादा नव्हती. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत तर 'ड्वार्फ' हाच क्लास होता. ड्वार्फाने दुसरं काही व्हायचा प्रश्नच नाही. जन्मावरून धंदा आणि धंद्यालाही वरची मर्यादा, हे भारतीय वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

या मर्यादा कंपनीने २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत काढल्या. असंख्य टेबलांवर त्या त्याआधीच 'आमच्याकडे हे चालत नाही' म्हणून सोडून दिलेल्या होत्या. २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्क पात्राची बुद्धी जन्मतःच दोन गुणांनी कमी ठेवलेली होती. त्यावर बरीच टीका झाली आणि २०२० मध्ये ती वजाबाकी काढली गेली. त्याच वर्षीच्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'ने जन्माचे गुण हवे तसे फिरवायची मुभा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये 'रेस' शब्द सोडून 'स्पीशीज' म्हणजे प्रजाती वापरू असं कंपनीने जाहीर केलं आणि २०२४ च्या पुस्तकात तो बदल आला.

त्या पुस्तकात हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क मात्र वगळले गेले. दोन समाजांच्या मधलं, कुठलंच पूर्ण नसलेलं पात्र खेळणं हा अनेकांचा आवडता भाग होता. ते हवं असेल तर जुनं पुस्तक काढा, नाहीतर पुन्हा होमब्रू.

जानेवारी २०२३: भांडण एका शब्दाचं

१९९०च्या दशकात टीएसआर ही तेव्हाची मालक कंपनी इंटरनेटवर चाहत्यांनी टाकलेल्या साहित्याच्या मागे लागायची. टीएसआर म्हणजे 'दे सू रेग्युलरली', म्हणजे 'हे सारखे खटले भरतात', असा विनोद तेव्हापासून आहे. १९९७ मध्ये टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्टने घेतली आणि १९९९ मध्ये विझार्ड्सला हॅस्ब्रोने.

नव्या मालकांनी २००० मध्ये उलटा डाव टाकला. रायन डॅन्सी या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने 'ओपन गेम लायसन्स' म्हणजे ओजीएल आला. खेळाचा गाभा एका मोफत दस्तऐवजात मोकळा केला. त्यावर तुमचे क्लास, तुमच्या रेस लिहा, छापा, विका. आम्हाला पैसे नकोत. खरं तर अमेरिकी कायद्यात खेळाच्या नियमांवर कॉपीराइट मिळत नाही, तो मिळतो नियम ज्या शब्दांत लिहिलेत त्यावर. पण नियम कुठे संपतो आणि शब्द कुठे सुरू होतो हे कोर्टात ठरवायला छोट्या लेखकाकडे वकिलाची फी कुठून येणार? ओजीएलची खरी किंमत हीच होती: खटला होणार नाही याची खात्री. त्या खात्रीवर 'पाथफाइंडर'सारखे प्रतिस्पर्धी खेळही उभे राहिले.

मग ५ जानेवारी २०२३ ला 'गिझमोडो'ने फुटलेल्या नव्या मसुद्याची बातमी दिली. ओजीएल १.१ नुसार वर्षाला ५० हजार डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्याने कंपनीला हिशोब द्यायचा. साडेसात लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्यायची. लक्षात घ्या, नफ्यावर नाही, कमाईवर. छपाई आणि टपालखर्च वजा केल्यावर या धंद्यात अनेकदा तेवढं उरतही नाही.

हौशी लेखकांना झोंबलं ते वेगळं कलम. तुम्ही लिहिलेलं तुमचंच राहील, पण ते कायमस्वरूपी, जगभर, एक पैसा न देता वापरायचा हक्क कंपनीलाही राहील. म्हणजे तुमचा ब्लड हंटर उद्या कंपनीच्या पुस्तकात आला तरी तुम्ही काही बोलायचं नाही.

आणि जुना परवाना? त्यात लिहिलं होतं की परवान्याची कोणतीही 'अधिकृत' आवृत्ती वापरता येईल. कंपनीने नेमका तो शब्द पकडला: जुनी आवृत्ती यापुढे अधिकृत नाही. विझार्ड्सने स्वतःच पूर्वी दिलेल्या खुलाशात, परवाना बदलला तरी जुना वापरत राहता येईल, असं म्हटलेलं होतं. आपला हेतू तो कधीच रद्द होऊ नये असा होता, असं डॅन्सीनेही सांगितलं. पण 'रद्द करता येणार नाही' हे शब्द मूळ परवान्यात नव्हते. वीस वर्षांचा एक अख्खा व्यवसाय त्या न लिहिलेल्या शब्दांवर उभा होता.

पुढचे तीन आठवडे गदारोळ. लोकांनी डी अँड डी बियाँड या कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी रद्द करायला सुरुवात केली. पाथफाइंडर काढणाऱ्या पायझोने स्वतंत्र खुला परवाना आणायची घोषणा केली. कंपनीने सुधारित मसुदा काढून मतं मागवली, तर १५ हजारांहून जास्त उत्तरं आली आणि त्यातल्या ८८ टक्के लोकांनी या परवान्याखाली काहीही प्रकाशित करणार नाही असं सांगितलं. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना ओजीएल तसाच ठेवला आणि पाचव्या आवृत्तीचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा केला. हा परवाना मागे घेता येत नाही. २०२४ च्या नियमांचा गाभाही एप्रिल २०२५ मध्ये त्याच परवान्याखाली आला.

मग आता काय करता येतं?

२०१४ च्या नियमांचा मोकळा गाभा घेतला तर त्यात बाराही क्लास आहेत, पण प्रत्येकाचा एकच उपप्रकार. त्यांच्या आधाराने तुम्ही नवा क्लास किंवा नवी प्रजाती लिहून विकू शकता. श्रेयाची ओळ तेवढी द्यायची. पण 'आर्टिफिसर' हा यंत्रं बनवणारा क्लास नंतर आला, तो या गाभ्यात नाही. त्याच्यावर बेतलेलं काही विकायचं तर 'डीएम्स गिल्ड' या अधिकृत बाजारात जावं लागतं. तिथे लेखकाला किमतीच्या ५० टक्के मिळतात, एकदा टाकलेलं दुसरीकडे विकता येत नाही आणि तिथल्या इतर लेखकांना तुमच्या कल्पना वापरायची मुभा असते. नव्या लेखकाला गिऱ्हाईक आयतं मिळतं, हे खरं. पण ज्याला आपल्या क्लासवर पुढे स्वतःचा खेळ उभा करायचाय त्याने तिथे जाऊ नये, असं माझं मत.

कुलूप आता सॉफ्टवेअरला

खेळाडूंच्या विजयाची गोष्ट अर्धी का, तर परवाना हा कागदाचा प्रश्न आहे आणि खेळ कागदावरून सरकतोय. हॅस्ब्रोने २०२२ मध्ये डी अँड डी बियाँड १४ कोटी ६३ लाख डॉलरला विकत घेतलं. तिथे पात्राची शीट आपोआप तयार होते आणि सगळी बेरीज-वजाबाकी सॉफ्टवेअर करतं. अनेक नव्या खेळाडूंनी हाताने शीट कधी भरलेलीच नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये या सेवेने कळवलं की शीटवरचे जुने मंत्र आणि जादुई वस्तू नव्या नियमांनुसार बदलल्या जातील. ज्यांना जुने हवेत त्यांनी ते होमब्रू म्हणून स्वतः टाइप करून घ्यावेत. लोकांनी पैसे देऊन घेतलेला मजकूर त्यांनाच घरगुती म्हणून पुन्हा लिहायला सांगणं, हा उद्धटपणा होता. ओरड झाली आणि काही दिवसांत हाही निर्णय मागे घेतला गेला. इथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा काही उपयोग नव्हता. शब्द मोकळे होते, पण ते ज्या खोलीत वापरायचे तिची किल्ली कंपनीकडे होती.

याच सेवेत साध्या वापरकर्त्याला आपली प्रजाती, मंत्र, राक्षस, जादुई वस्तू आणि असलेल्या क्लासचा नवा उपप्रकार बनवता येतो. अख्खा नवा क्लास बनवायची सोय मात्र नाही. मर्सरचा ब्लड हंटर तिथे आहे, कारण सेवा चालवणाऱ्यांनीच तो घातला. एमसीडीएम या प्रकाशकाचा 'इलरिगर' कंपनीशी करार करून तिथे विकत मिळतो. तुम्ही लिहिलेला तेरावा क्लास कायद्याने शंभर टक्के तुमचा असला, तरी ज्या मित्रांची शीट या ॲपमध्ये आहे त्यांना तो खेळायचा असेल तर छापील शीट आणि पेन्सिल घेऊन बसावं लागतं.