ताळेबंदाला कॉलेज कळत नाही

फोर्टातल्या एका कचेरीत इक्विटी रिसर्चच्या जागेसाठी गेलो. साहेबानं अर्ज उचलला. पहिला प्रश्न, ‘हे कॉलेज कुठं आलं?’ दुसरा प्रश्न आलाच नाही.

म्हणे हा धंदा डोक्याचा! मग डोकं तपासा, शिक्का काय तपासता? १९१७ साली लंडनहून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-सल्ल्याचा धंदा काढला. कोलंबियाचा शिक्का होता. जात कळली आणि गिऱ्हाईक पळालं. म्हणजे शिक्का हा यांचा बहाणाच.

आणि या शिक्केवाल्यांनी काय दिवे लावले? जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या अध्यक्षानंच कबूल केलं, ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड खोटी. तोवर कित्येक बड्या डोक्यांना वासही आला नव्हता.

तेव्हा दोस्तांनो, रडायचं नाय. लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. एक कंपनी धरा, पाच वर्षांचे अहवाल वाचा. नफा दाखवला, पण रोकड आली का? उधारी किती फुगली? मालकाच्या सग्यासोयऱ्यांच्या कंपन्यांशी व्यवहार किती? मागच्या बारीक टिपा आधी वाचा. चोर तिथंच लपतो. एनआयएसएमची रिसर्च ॲनालिस्ट परीक्षा द्या. स्वतःचा अहवाल लिहा आणि अर्जासोबत तो टेबलावर ठेवा.

मी पुन्हा जाणार आहे. हातात माझी बावीस पानं असतील. कॉलेज विचारलं तर ताठ मानेनं सांगेन. पण आधी साहेबाला सातवं पान उघडायला लावीन.