खिडकी नंबर ०.६

माझा भाचा फावल्या वेळात एका मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींत असतो. काम फुकट, भांडणं मात्र बोनससाठी भांडावं तशी. परवा म्हणाला, "मामा, आमचा एपीआय फार गचाळ झालाय. साफ नवा लिहितोय."

एपीआय म्हणजे खिडकी, हे त्यानंच मला शिकवलेलं. बाहेरच्या प्रोग्रॅमनं ठरलेली स्लिप सरकवायची, आतून ठरलेलं उत्तर यायचं.

"जुनी स्लिप चालेल ना?"

"छे! कशाला?"

इथं माझं डोकं फिरलं. आमच्या बँकेनं एकदा रातोरात स्लिपा बदलल्या, तेव्हा पेन्शनरांच्या शिव्या साहेबांनी नाही, मी खाल्ल्या! आत कपाटं हवी तशी लावा हो, पण रांगेतल्या म्हाताऱ्याचा काय गुन्हा?

बरं, बदलूच नये असंही नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशानं एप्रिल २००९मध्ये एपीआय बदलला; पण कारण होतं. तुम्ही रस्ता दुरुस्त करताय आणि मधेच दुसऱ्यानं तो बदलला, तर तुमची नोंद परत येऊ लागली. दुरुस्त्यांचा गठ्ठा बांधून त्यावर शेरा मारायची सोय झाली. (व्हाउचरवरचं नॅरेशन! आम्ही बी.कॉम.ला हेच घोकलं.) त्या एपीआयचा नंबर ०.६. आजही तोच. अजून एकावरसुद्धा गेलेला नाही, आणि २०१३ साली आलेला त्यांचा आयडी एडिटरही त्याच खिडकीशी रांग लावतो.

'गचाळ' हे काय कारण झालं? गचाळ तर आमचं लेजरही होतं, पण पैशापैशाला जुळायचं!

"बरं, जुनी खिडकी सहा महिने उघडी ठेवू," भाचा म्हणाला.

मी दोन वर्षं मागितली आहेत. घासाघीस चालू आहे.