गुन्हा मेलेल्यावर, सन्मान मारणाऱ्याचा!

पोलिसांच्या गोळीने माणूस मेला तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, तपास सीआयडीने अथवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने केलाच पाहिजे, दंडाधिकाऱ्यांची चौकशी झालीच पाहिजे आणि गोळी झाडणाऱ्याचे शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत त्याला बढती वा पदक देता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी बजावले. हा निकाल मुंबईच्याच पापातून उपजला. १९९५ ते १९९७ या काळातील मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे, हे त्या निकालामागच्या याचिकेचे मूळ होते. त्या निकालाला बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्यांवरील अत्याचाराचा आरोपी पोलिसांच्या ताब्यात, पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्याच गोळीने मेला. गुन्हा कोणावर नोंदवला गेला? मेलेल्यावर!

त्या अमानुष कृत्याबद्दल आमचा संताप कोणाहून तसूभरही कमी नाही, आणि म्हणूनच आम्हाला तो खटला हवा होता. पालकांना ताटकळत ठेवणारे ठाणे, जबाबदारी झटकणारी शाळा, या साऱ्यांची लक्तरे भर न्यायालयात निघायला हवी होती. एका गोळीने ती संधी गेली. तरीही पेढे वाटले गेले, फटाके फुटले आणि बंदूकधारी गृहमंत्र्यांच्या चित्रासह ‘बदला पुरा’ असे फलक मुंबईत झळकले! जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पाच पोलिसांना या मृत्यूस जबाबदार धरले. मृताच्या आईबापांनी खटला पुढे चालवण्याची इच्छा नसल्याचे सांगितले, तेव्हाही उच्च न्यायालयाने पाठ फिरवली नाही. परंतु शासनाने त्या पोलिसांवर गुन्हा नोंदवण्यात टाळाटाळ चालूच ठेवली, आणि अखेर ७ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयालाच तसा आदेश द्यावा लागला. ज्याने कायदा राबवायचा तोच कायद्याच्या दारात आडवा पडला.

गिरगावकरांनो, परळ-लालबागकरांनो, तुम्ही तरी हे विसरू नये! १९५५-५६ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या तुमच्याच चाळींतल्या पोरांवर, गिरण्यांतल्या कामगारांवर मुख्यमंत्री मोरारजी देसाईंच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तेव्हाही मेलेल्यांना गुंड ठरवले गेले, तेव्हाही पोलिसांनी नाइलाजाने गोळीबार केला असेच सांगितले गेले, आणि त्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली म्हणूनही चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदावर पाणी सोडले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्या चौकशीसाठी आक्रोश केला, त्यांच्या नातवंडांनी आज चौकशीवाचून झाडलेल्या गोळीला टाळ्या द्याव्यात? धिक्कार असो!

‘खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, म्हणून पोलिसांनीच निकाल लावावा,’ असे म्हणणाऱ्यांनी गिरगाव चौपाटीवर जावे. तेथे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पोलीस तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबची बंदूक हातांनी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि सहकाऱ्यांना तो जिवंत सापडू दिला. मग आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात खटला चालला, वकील दिला गेला, अपिले झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार वर्षांत! ज्या राज्याने कसाबला न्यायालय दिले, त्याला बेड्यांतल्या आरोपीपुढे बंदूक काढण्याची सबब उरत नाही. शौर्य ते होते. नि:शस्त्राला टिपणे हे शौर्य नव्हे.

लखनभैया प्रकरण आठवा. ११ नोव्हेंबर २००६ रोजी पोलिसांनी लखनभैयाला वाशीतून उचलले, मारले आणि वर्सोव्यात चकमक झाल्याचा देखावा उभा केला. त्याला उचलल्याचे कळताच त्याच्या वकील भावाने अधिकाऱ्यांना तारा केल्या, फॅक्स धाडले आणि पुढे वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, म्हणूनच २०१३ साली १३ पोलिसांना जन्मठेप झाली. दरम्यान मुख्य साक्षीदार साक्षीच्या तोंडावर नाहीसा झाला आणि त्याचे प्रेत मिळाले. आणि शासनाने काय केले? २०१५ साली त्यांतल्या ११ दोषींची शिक्षा स्थगित करून त्यांना घरी पाठवण्याचा घाट घातला! मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ म्हणून मिरवलेल्या प्रदीप शर्मांनाही दोषी ठरवले. त्या निकालावरील अपील सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. परंतु ज्याला वकील भाऊ नाही, खटला लढायला पैसे नाहीत, त्याचे काय? त्याचा पंचनामा मारणारेच लिहितात, पंच मारणारेच आणतात, आणि फाइल मारणाऱ्यांच्याच कपाटात बंद होते.

गृहमंत्र्यांना आमची मागणी स्वच्छ आहे. २३ सप्टेंबर २०१४ पासून आजतागायत महाराष्ट्रात किती चकमकी झाल्या, किती प्रकरणांत गोळी झाडणाऱ्यांवर गुन्हा नोंदवला गेला, किती ठिकाणी दंडाधिकाऱ्यांची चौकशी पूर्ण झाली आणि त्या चौकशीआधीच कोणाला बढती मिळाली, याची श्वेतपत्रिका विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मांडा. जे आमदार ती मागणार नाहीत त्यांना गणपतीच्या मंडपात, शाखेत, चाळीच्या सभेत उभे करून जाब विचारा. नावानिशी विचारा.